विश्लेषण : सेकंडहॅन्ड दुचाकीची बॅटरी सारखी का उतरते? नवी घेण्याआधी काय तपासायचे?

सकाळी साडेआठची वेळ, ऑफिसला निघायची घाई आणि सेल्फचे बटण दाबल्यावर फक्त ‘टक् टक् टक्’. सेकंडहॅन्ड दुचाकी घेतलेल्या बहुतेकांना हा आवाज ओळखीचा असतो. त्यानंतरचे वाक्यही ओळखीचे असते : ‘बॅटरी गेली, नवी टाका.’

गेल्या हिवाळ्यात मी पुण्यात पाच वर्षे वापरलेली १५० सीसीची मोटारसायकल घेतली. पुढच्या चार महिन्यांत तिला दोन नव्या बॅटऱ्या बसल्या. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये हॉर्न वाजवून पाहिला गेला आणि लगेच निकाल लागला. दुसऱ्या वेळी मी हमीपत्र दाखवले, तर ‘गाडीच्या चार्जिंगमध्ये फॉल्ट असेल तर हमी मिळत नाही’ असे उत्तर आले. मग चार्जिंग तपासा म्हटले, तर ‘ते काम वायरिंगवाल्याचे’. दोन बॅटऱ्यांचे मिळून साडेतीन हजार रुपये गेले. तिसऱ्यांदा तोच आवाज आला, तेव्हा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातून तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. दोष सापडला तो सीटखाली वितळलेल्या एका प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये. दुरुस्तीला लागले दीडशे रुपये. इंजिनीअरिंगची पदवी असलेल्या माणसाला हे सुचायला चार महिने आणि साडेतीन हजार रुपये लागले, हे कबूल करायला हवे.

हा केवळ माझ्या वेंधळेपणाचा किस्सा असता तर इथे सांगितला नसता. सेकंडहॅन्ड गाडी घेणारा माणूस बहुधा नवी परवडत नाही म्हणूनच ती घेतो. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची गाडी सकाळी सुरू झाली नाही तर त्या दिवसाची कमाई बुडते. अशा माणसाला न मोजता विकलेली बॅटरी सगळ्यात महाग पडते. म्हणून बॅटरीचे दुकान गाठण्याआधी काय तपासायचे, आणि ही तपासणी आपल्याकडे सहसा का होत नाही, ते समजून घेऊ.

बॅटरी नेमकी काय करते?

दुचाकीतली नेहमीची बॅटरी लेड-ॲसिड प्रकारची असते. तिच्यात सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून ‘१२ व्होल्ट’ म्हणवली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली असताना प्रत्यक्षात १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते.

बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. वीज तयार होते इंजिनच्या बाजूला, स्टेटरमध्ये. गॅरेजच्या भाषेत ही ‘कॉइल प्लेट’. इंजिनबरोबर चुंबक फिरतो आणि कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. ती रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे जाते. मेकॅनिक त्याला ‘आरआर युनिट’ म्हणतात. ते एसीचे डीसी करते आणि व्होल्टेज हाताबाहेर जाऊ देत नाही. तिथून वायरिंग आणि फ्यूजमार्गे वीज बॅटरीत पोहोचते.

पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे. सकाळी टाकी रिकामी दिसली म्हणून कोणी लगेच टाकी बदलत नाही. पंप चालतो का, पाइप फुटला का, रात्री नळ उघडा राहिला का, हे आधी पाहतो. दुचाकीत मात्र आपण थेट टाकीच बदलतो.

सेकंडहॅन्ड गाडीत हा त्रास जास्त का?

याला तीन कारणे आहेत. पहिले, गाडी विक्रीला निघाल्यावर अनेक आठवडे उभी असते. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उन्हाळ्यात जास्त वेगाने. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि तिची साठवणूक कायमची घटते.

दुसरे कारण, आधीच्या मालकाची हौस. फॉग लाइट, दोन-दोन हॉर्न, मोबाइल चार्जर, अलार्म, जीपीएस ट्रॅकर. प्रत्येकासाठी मूळ वायर सोलून जोड दिलेला असतो आणि त्यावर चिकटपट्टी. एक-दोन पावसाळे गेले की आत गंज धरतो.

तिसरे कारण, गाडी विकण्याआधी ‘चालू दिसावी’ म्हणून बसवलेली स्वस्त किंवा जुनीच बॅटरी. खरेदीच्या दिवशी ती सेल्फ मारते, त्यापुढची हमी कोणाचीच नसते.

आता किक का कामाला येत नाही?

जुन्या गाड्यांमध्ये बॅटरी मेली तरी किक मारून घरी जाता येत असे. त्यातल्या अनेकांचा हेडलाइट थेट कॉइलवर चालायचा, म्हणून इंजिन मंद झाले की तो मिणमिणायचा. आता चित्र बदलले आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागणे सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि बहुतेक दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. इंधनाचा पंप आणि ईसीयू या दोघांनाही वीज लागते. अनेक मॉडेलमधून किक गायब झाली. मोटारसायकलला धक्का मारून पाहता येतो, पण बॅटरी पार झोपली असेल तर तोही उपयोगी पडत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला तर धक्का स्टार्टचा मार्गच नाही.

या काळातल्या गाड्या आता मोठ्या संख्येने सेकंडहॅन्ड बाजारात येत आहेत. पूर्वी बॅटरी उतरणे ही गैरसोय होती. आता त्याचा अर्थ गाडी जागची हलणार नाही असा होतो, मग ते घराचे पार्किंग असो की रात्री अकराचा हायवे.

पहिला आकडा : गाडी बंद असताना

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला. गाडी निदान चार-पाच तास बंद असावी. रात्रभर उभी राहिलेली असेल तर उत्तम. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या आसपास असेल तर ती जवळपास रिकामी आहे.

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. उतरलेली बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी नव्हे. आधी तिला बाहेरच्या चार्जरवर भरा. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका असावा, म्हणजे ५ एएच बॅटरीला अर्धा अँपिअर. ट्रकच्या बॅटरीबरोबर तिला ‘तासाभरात फास्ट चार्ज’ करणे म्हणजे तिचे आयुष्य जाळणे. पूर्ण भरल्यावर रात्रभर नुसती ठेवा. सकाळी १२.५ च्या वर टिकली तर पुढची चाचणी घ्या. काहीही न जोडता १२ च्या खाली आली, तर ती खरोखर संपली आहे.

दुसरा आकडा : सेल्फ मारताना

प्रोब तसेच ठेवून सेल्फ मारा आणि आकडा किती खाली जातो ते पाहा. भरलेली आणि निरोगी बॅटरी साधारण १० व्होल्टच्या वर राहते. स्थिर असताना १२.७ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर आली, तर तिच्यात दम राहिलेला नाही. अशी बॅटरी मात्र बदलायलाच हवी. हॉर्न वाजतो की नाही यावरून हे कळत नाही, कारण हॉर्नला लागणारा करंट स्टार्टर मोटरच्या तुलनेत किरकोळ असतो.

उलटही घडते. बॅटरी ११ व्होल्टवर ठाम आहे आणि तरी सेल्फ नुसता टकटक करतो. मग संशय बॅटरीवरून हलवून स्टार्टर रिले, टर्मिनल आणि अर्थिंगवर न्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी असेल तर ती गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करा, कोरडे करा आणि नट घट्ट आवळा. अनेक ‘गेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावरच जिवंत होतात.

तिसरा आकडा : इंजिन चालू असताना

माझ्या दोन बॅटऱ्यांच्या वेळी कोणी पाहिला नाही तो हा आकडा. गाडी सुरू करा, हेडलाइट चालू असू द्या, रेस साधारण चार-पाच हजार आरपीएमपर्यंत न्या आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. ते १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवे. नेमका आकडा मॉडेलनुसार थोडा बदलतो.

रेस वाढवूनही आकडा १२.५ च्या आसपास रेंगाळत असेल तर बॅटरीत वीज पोहोचतच नाही. नवी बॅटरी टाकली तरी ती काही दिवसांत उतरणार, आणि माझ्याकडे नेमके तेच होत होते. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरी उकळवतो, बल्ब उडवतो आणि ईसीयूलाही धोका पोहोचवतो. अशा गाडीतली बॅटरी फुगलेली दिसते किंवा आम्लाचा उग्र वास येतो.

चार्जिंग येत नसेल तर दोष कुठे शोधायचा?

सुरुवात फ्यूज आणि कनेक्टरपासून करा. स्टेटरमधून निघणाऱ्या वायर अनेक मोटारसायकलींमध्ये तीन असतात, बहुधा पिवळ्या. त्या आरआर युनिटला जोडणारा कनेक्टर उघडून पाहा. पिना काळवंडल्यात का, प्लास्टिक वितळले आहे का? जोड सैल झाला की तिथला रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेने जोड आणखी सैल होतो. माझ्या गाडीत तीनपैकी एक पिन अशी जळून गेली होती.

कनेक्टर ठीक असेल तर तो सोडवून स्टेटर तपासा. इंजिन बंद ठेवून तीन वायरींपैकी दोन-दोनमधला रोध मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा हवा, आणि तो फारच कमी, बहुधा एका ओहमच्या आसपास किंवा खाली असतो. मग एकेक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजा; तिथे जोड अजिबात दिसता कामा नये. दिसला तर कॉइल आत जळून बॉडीला लागली आहे. शेवटी मीटर एसी व्होल्टवर घेऊन इंजिन चालू करा. रेसबरोबर तिन्ही जोड्यांचे व्होल्टेज सारखेच वाढले पाहिजे. जास्त रेसला हा एसी दाब बराच मोठा असतो, म्हणून उघड्या पिनांना हात लावू नका. स्टेटर यात पास झाला, वायरिंगही धड आहे आणि तरी १३.५ व्होल्ट मिळत नाहीत, तर संशय आरआर युनिटवर.

अर्थिंगसाठी एक सोपी युक्ती आहे. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावा, आणि सेल्फ मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट गंजला आहे.

चार्जिंग ठीक, तरी दोन-चार दिवसांत बॅटरी उतरते?

मग रात्री कुठेतरी नळ उघडा आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर करंट मोजण्यासाठी जोडा. चावी बंद हवी, आणि मीटर मध्ये असताना सेल्फ चुकूनही मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल. घड्याळ वगैरेसाठी काही मिलिअँपिअर करंट वाहणे नेहमीचे आहे. पण आकडा ५० दिसला तर हिशेब करा. ५० मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ एएच. ५ एएच बॅटरी चार दिवसांत रिकामी, आणि सेल्फ त्याआधीच मान टाकणार. अशा वेळी जोडलेल्या वस्तू एकेक करून सोडवा. ज्या क्षणी आकडा पडतो, चोर तोच. सेकंडहॅन्ड गाडीत तो बहुधा आधीच्या मालकाचा विसरलेला ट्रॅकर किंवा अलार्म असतो.

दिवसाचा हिशेबही पाहा. ४० वॉटचे फॉग लाइट म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट. सिग्नलवर इंजिन मंद चालत असताना छोट्या गाडीचा स्टेटर हेडलाइट सांभाळून एवढे देऊ शकत नाही. उरलेले बॅटरीतून जाते. रोज चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नलमधून आणि दहा वेळा सेल्फ मारत जाणारी गाडी कोणताही दोष नसताना बॅटरी उपाशी ठेवते. तिला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा, किंवा महिन्यातून एकदा चार्जरवर लावा.

हे करताना कोणती काळजी घ्यायची?

बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी लावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येते का’ हे बघण्याची जुनी पद्धत फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत अजिबात वापरू नका; व्होल्टेजच्या उसळीने ईसीयू जाऊ शकतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट, ठिणगी नको. आणि दुकानदार तुमच्यासमोर ॲसिड भरून नवी बॅटरी लगेच बसवत असेल तर थांबवा. अशा बॅटरीला कंपनीच्या सूचनेप्रमाणे पहिले चार्जिंग द्यावे लागते. ते टाळले की नवी बॅटरीही अर्ध्या पोटानेच कामाला लागते.

मग मेकॅनिक फसवतात का?

माझा पहिला राग मेकॅनिकवरच होता. पण तिसऱ्या वेळी कनेक्टर बदलून देणाऱ्या आमच्या गल्लीतल्या वयस्कर काकांनी मलाच प्रश्न विचारला : ‘अर्धा तास मीटर लावून बसलो आणि सांगितले की बॅटरी चांगली आहे, तर तू मला किती देणार होतास?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे उत्तर होते, काहीच नाही. ‘नुसते बघितलेच तर आहे’ म्हणून निघून गेलो असतो.

गोम इथे आहे. डॉक्टरने तपासून ‘काही झालेले नाही’ म्हटले तरी आपण फी देतो. गॅरेजमध्ये मात्र आपण फक्त बदललेल्या वस्तूचे पैसे देतो, शोधाचे नाही. त्यामुळे मेकॅनिकची कमाई वस्तू विकण्यातच उरते. बॅटरी बदलायला दहा मिनिटे लागतात आणि त्यात नफा आहे. वायरिंगमधला दोष शोधायला तास लागतो आणि त्याचा मोबदला शून्य. अशा व्यवहारात प्रामाणिक माणूसही ‘बॅटरी टाका’ म्हणेल. काही जण मुद्दाम फसवतही असतील, पण त्यांचे फावते ते आपल्या याच सवयीमुळे.

काय बदलायला हवे?

ग्राहक म्हणून आपल्यापासून सुरुवात करता येईल. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘तपासणीचे शे-दोनशे वेगळे देतो, पण आधी तिन्ही आकडे दाखवा’ एवढेच म्हणा. साडेतीन हजार वाचवणारे हे सगळ्यात स्वस्त वाक्य आहे. बॅटरी घ्यावीच लागली तर तिचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्या आणि बसवल्यानंतरचे चार्जिंग व्होल्टेज त्यावर लिहून मागा. हमीचा वाद झालाच तर ‘चार्जिंगमध्ये फॉल्ट होता’ या सबबीला तोच आकडा उत्तर देतो. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

दुसरी अपेक्षा सेकंडहॅन्ड गाड्यांच्या विक्रेत्यांकडून. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुनी वाहने विकणाऱ्या डीलरना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. ताब्यातली गाडी कुठे आणि किती फिरवली याची नोंद त्यांना ठेवावी लागते. त्याच शिस्तीत, विक्रीच्या दिवशी बंद गाडीचे, सेल्फ मारतानाचे आणि इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज लेखी द्यायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचे काम आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेताना खरेदीदारानेही हे तीन आकडे मागावेत. वैयक्तिक विक्रेत्याकडून गाडी घेत असाल तर मीटर खिशात घेऊनच जा. आकडा १३ च्या खाली आला म्हणून गाडी नाकारलीच पाहिजे असे नाही, पण भाव करायला तो पुरेसा आहे.

आणि बॅटरी खरोखर संपलीच असेल तर ती कचऱ्यात किंवा कोणाही भंगारवाल्याकडे देऊ नका. आत शिसे आणि गंधकाम्ल असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ती इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी देण्याची आपल्यावर. दुकानात जुनी जमा केली की नव्या बॅटरीच्या किमतीतही सूट मिळते. मात्र विनाकारण बदललेली बॅटरी हा विनाकारण तयार केलेला विषारी कचराही आहे, हे त्या सुटीच्या आनंदात विसरायला नको.

माझ्या गाडीवर आता १४.१ व्होल्ट दिसतात. काढून टाकलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी नंतरची मी जुन्यात जमा केली नव्हती, घरीच ठेवली होती. ती चार्ज करून पाहिली. रात्रभर ठेवल्यावर सकाळी आकडा होता १२.७. ती कधीच ‘गेली’ नव्हती.